यंदा खरवस वाटला नाही

मागे फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की गाय व्याली तर खरवसाचा फोटो का नाही पाठवला. मी म्हणाले, यंदा केला नाही. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवीन. अडलं तर बाबाला विचारा.

गाईचं नाव लिहीत नाही. ते तुम्हीच ठेवलं होतंत, तुम्हाला ठाऊक आहे.

दौंडहून शिरूरकडे जाताना ओढ्याच्या अलीकडे आत वळलं की आपलं घर, हे तुम्हाला आठवत असेल. शेजारच्या घराला आणि आपल्या घराला मध्ये एकच बुटकी भिंत आहे. त्या घरातल्या भाभींनी तुमच्या हातांवर मेंदी काढली होती आणि धाकट्याने ती लगेच चड्डीला पुसली होती. त्यांचे मिस्टर बाजाराच्या दिवशी गादीच्या कापसाची गाठोडी घेऊन जातात. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो. सून नवी आहे, गेल्या वर्षी आली.

त्या भिंतीवर रोज सकाळी एक ॲल्युमिनियमची किटली ठेवलेली असायची. किटली माझी. धार काढली की मी तिच्यात दूध घालून भिंतीवर ठेवायची, भाभी ती उचलून न्यायच्या आणि दुपारपर्यंत परत ठेवायच्या. परत येताना ती कधी रिकामी येत नसे. दुभत्याचं भांडं रिकामं फिरवायचं नाही, अशी इकडची रीत आहे. कधी दोन लिंबं असत, कधी मूठभर शेंगा, कधी काहीच नसलं तर चिमूटभर साखर. एकदा नुसती कोथिंबिरीची एक काडी होती. मी भिंतीवरून पाहिलं, तर भाभी म्हणाल्या, कोथिंबीर महाग झालीय बाई, जुडीच हाय असं समजा.

तुमचे आजोबा गेल्यावर दिवसातला पहिला आवाज मी ऐकायची तो त्या किटलीच्या झाकणाचा. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा आवाजाला कंटाळायची. आता रेडिओ लावून ठेवते आणि ऐकत नाही.

ओढ्याबद्दल सांगायला हवं. वरच्या माळावर लोखंडाच्या सुट्या भागांना निकेल आणि क्रोमचा मुलामा देणारे काही कारखाने आहेत. गावात त्यांना सरसकट प्लेटिंगवाले म्हणतात. त्यांचं वापरलेलं पाणी ओढ्यात येतं, असं सगळे म्हणतात. कोणाचं किती येतं, हे सिद्ध झालेलं नाही. पण पाणी कधी हिरवट पिवळं दिसतं आणि दगडांवर एक साय धरते. ओढ्याकाठच्या विहिरींतही तेच पाणी पाझरतं. काही वर्षांपूर्वी गावात पोटाच्या आणि कातडीच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा विकतच्या पाण्याच्या जारची गाडी सुरू झाली. हॉर्न वाजला की लोक निळे जार घेऊन दारात उभे राहतात. नळाचंही पाणी एक दिवसाआड थोडं येतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

गुरं मात्र ओढ्यावरच जात राहिली. ह्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. गाय एका दमात जेवढं पिते तेवढ्यात एक जार संपतो. ज्यांच्या दावणीला गाईंची रांग आहे त्यांनी काय करायचं? आणि खरं सांगायचं तर हा विचारच कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. आम्ही आमच्या घशाचं पाणी बदललं. गुरांना ओढ्यावर पाजलं, तिथल्या विहिरींच्या पाण्यावरचा लसूणघास खायला घातला, आणि संध्याकाळी त्यांचंच दूध चहात ओतलं.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी आली. ती जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. तिच्याकडे बर्फ भरलेला पांढरा डबा होता. कारखान्यांजवळच्या गावांतल्या गाईंचं थोडं थोडं रक्त तिला हवं होतं, आणि लांबच्या, कारखाने नसलेल्या गावांतल्याही. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं होतं.

गावाने तिला नाही म्हटलं नाही. पाहुणी मुलगी, तिला चहा दिला. पण आपल्याकडे दूध संकलन केंद्र चालवणारे आप्पा आहेत, त्यांनी आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की दुभत्या जनावराचं रक्त काढलं तर दूध आटतं. मग लोकांनी काय करावं? प्रत्येकाने आपली भाकड गाय काढली. एकाने बैल आणला. एका म्हातारीने शेळी आणली आणि हिचंबी घ्या, ही लई खाती, म्हणाली. दुभती किंवा गाभण गाय कुणी दाराबाहेर काढली नाही. ती मुलगी दुपारपर्यंत हसून हसून दमली आणि मग तिला रडू यायला लागलं. शेवटी ती आपल्या फाटकाशी आली. आपली गाय तेव्हा गाभण होती, आणि मागच्या वेताचं थोडं दूधही देत होती. मी दावं धरलं आणि तिने मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. गाय हललीसुद्धा नाही.

मी इंग्रजी शिकवायची हे कळल्यावर ती मुलगी अर्धं इंग्रजीत बोलायला लागली. मीही बोलले. किती दिवसांनी कुणाशी इंग्रजी बोलत होते. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिला जरा जास्तच वेळ बसवून घेतलं होतं. रक्त गरम होईल म्हणून ती घाई करत होती आणि मी पोहे करत होते.

गाय व्यायला थोडे दिवस राहिले असताना ती परत आली. या वेळी लॅपटॉप घेऊन. पडद्यावर तिने आपल्या गाईच्या रक्तातल्या पेशी दाखवल्या. प्रत्येक पेशीत एक गडद गोळा असतो. त्या गोळ्यात त्या पेशीने कसं वागावं, गाय कशी घडावी, हे सगळं असतं. पेशीची जेव्हा दुसरी पेशी होते तेव्हा तो गोळा दोघींत नीट वाटला जायला हवा. काही धातू शरीरात गेले की आतले धागे तुटतात. तुटलेला तुकडा वाटणीत मागे राहतो आणि मोठ्या गोळ्याशेजारी एक बारका ठिपका होऊन बसतो.

तुम्ही मला भाकऱ्या करताना पाहिलंय. परातीत मळलेल्या पिठाचे गोळे तोडताना कधी एखादा कण सुटतो आणि परातीच्या कडेला वाळून जातो. ती भाकरी दिसायला गोलच होते. जे सुटलं ते तिच्यात नसतं, एवढंच. तो पडदा पाहताना मला तेच आठवलं.

ठिपके कुठल्याही गाईत थोडे असतात, असं तिने सांगितलं. कारखाने नसलेल्या गावातल्या गाईचं चित्र तिने शेजारी लावलं. त्यात एखादाच ठिपका होता. आपल्या गाईच्या चित्रात मला शोधावे लागले नाहीत.

मी विचारलं, गाय आजारी आहे का. ती म्हणाली, नाही, आज ती धडधाकट आहे. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. मग मी दुधाचं विचारलं. दुधात धातू उतरतो का, किती उतरतो, हे वेगळं तपासावं लागतं आणि ते अजून झालेलं नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, शेजारची सून पोटुशी आहे, गाय व्याली की तिला माझ्याकडचं दूध जाईल.

"आजी, मी देऊ नका असं म्हणू शकत नाही," ती म्हणाली. "पण माझी बहीण असती तर तिला मी दिलं नसतं."

वासराचंही मी विचारलं. त्याला चीक, म्हणजे ज्याचा खरवस करतात ते पहिलं दूध, पाजावाच लागेल, त्याशिवाय ते जगणार नाही, असं तिने सांगितलं. ती म्हणाली, गाईला आजपासून दुसरं पाणी द्या, ओढ्याकाठचा घास बंद करा. रक्तातल्या पेशी नव्या होत राहतात. मी पुन्हा येऊन रक्त घेईन, ठिपके कमी झाले तर कळेल.

त्या दिवसापासून गाईला मी नळाचं पाणी देते. पिंपात साठवते. माझी एकच गाय आहे म्हणून जमतं. कडबा शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या नातेवाइकांकडून आणते. पहिले काही दिवस गाय फाटकाशी उभी राहून ओढ्याच्या दिशेने हंबरायची. माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा हंबरायची.

ती रमजानात व्याली, दुपारी. कालवड झाली. मी तिचे पाय पाहिले, डोळे पाहिले, शेपटी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. ती धडपडत उभी राहिली आणि आईच्या पोटाखाली घुसली. चीक घट्ट आणि पिवळाजर्द होता. तिला मी पोटभर पिऊ दिलं. शेजारच्या सुनेला जे द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते हिला पाजत होते. दुसरा मार्ग नव्हता, पण मी तिच्याकडे बघू शकले नाही.

उरलेला चीक मोठ्या पातेल्यात होता. दर वेताला ह्या वेळी मी गूळ किसायला बसते. चीक विकायचा नसतो, वाटायचा असतो. आळीतल्या घरांचा त्यावर हक्क असतो. मी गूळ आणि वेलदोडे आणून ठेवले होते, सवयीने. पण पातेलं घेऊन परसात गेले, कडुनिंबापाशी खड्डा केला आणि त्यात ओतलं. वर माती लोटली. चीक असा मातीत घातला तर गाईचा कोप होतो असं इथे म्हणतात. मी तसलं मानत नाही.

माती लोटून वळले, तर भिंतीपलीकडे भाभी होत्या. त्यांनी किती पाहिलं मला माहीत नाही. त्या किटली घेऊन फाटकातून आत आल्या. रोजा होता, म्हणून मी चहाचं विचारलं नाही, पाण्याचंही नाही. किटलीत खजूर होते. ते मी ताटलीत काढून घेतले.

"बाई, चीक कुठाय? सून सकाळधरनं वाट बघती."

मी सांगितलं. पेशी, ठिपका, धातू, सगळं सोपं करून सांगितलं. आयुष्यभर मी वर्गात अवघड गोष्टी सोप्या करून सांगत आले. त्या उभ्याउभ्याच ऐकत होत्या.

"म्हंजी गाय आजारी हाय?"

"नाही. वरून काही नाही."

"आन् आप्पांची गाय? ती बी त्याच ओढ्यावर जाती की."

"तिचं रक्त कुणी तपासलं नाही."

"मग तिचं दूध चांगलं."

"चांगलं आहे असं नाही, भाभी. माहीत नाही, एवढंच."

त्या मग म्हणाल्या, "माहीत न्हाई, त्यावरच तर गाव चाललंय, बाई. तुमी एकट्यांनीच माहीत करून घेतलं."

त्यांनी कडुनिंबाखालच्या ओल्या मातीकडे पाहिलं.

"बाकी कुणाकुणाला दिला चीक?"

"कुणालाच नाही."

ह्या प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला आणि त्याचं उत्तर त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. आळीत बाकी सगळी घरं आमच्यासारखी, त्यांचं एकच घर वेगळं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. तेव्हाही काढलं नाही. किटली त्यांच्या हातातच होती. तिच्यात घालायला मला काही सुचलं नाही. त्या ती तशीच घेऊन गेल्या. माझ्या बाजूने पहिल्यांदा ती रिकामी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तेव्हा भाभी रस्त्याने जाताना दिसल्या. हातात माझीच किटली होती. त्या आप्पांच्या घराकडे दुधाला चालल्या होत्या.

मग आप्पाच एकदा आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गाईची चौकशी केली, कालवडीची केली, तुमचीही केली. मग कामाचं बोलले. केंद्रावर दुधाची गाडी येते, ती एका शंकेने बंद होऊ शकते, आणि गाडी बंद झाली तर इथल्या चुली कशावर पेटतील ते त्यांना दिसत नव्हतं. ह्यात ते खोटं बोलत नव्हते.

"बाई, तुमी शिकलेल्या," ते म्हणाले. "तुमच्या गाईचं काय असंल ते खुशाल बोला. पण गाईचं म्हणा, ओढ्याचं म्हणू नका."

मी म्हटलं, गाय ओढ्याचंच पाणी प्यायली, आप्पा. ते म्हणाले, व्हय, आमच्याबी प्याल्यात. आणि उठले.

तेव्हापासून गावात एकच गाय बाधलेली आहे, आपली. बाकीच्या चांगल्या आहेत. कोणी मला वाईट बोलत नाही. नमस्कार करतात. पण पूर्वी फाटकाशी थांबायचे ते आता चालता चालता करतात. एका व्यापाऱ्याने निरोप धाडला की लांबच्या बाजारात गाय घालतो, तिथे कोणाला काही कळणार नाही. तुमचा बाबाही म्हणाला, गाय देऊन टाक आणि इकडे ये. मी दोघांनाही नाही म्हटलं. जे भिंतीपलीकडच्या घरात द्यायचं नाही ते लांबच्या घरात कसं धाडायचं? आणि ती दिली तर सकाळी मी कुणाशी बोलू?

धार काढावी लागते, नाहीतर तिची कास दुखते. कालवडीचं झालं की उरलेलं खड्ड्यात जातं. मी काळा चहा पिते. सवय झाली.

ईद आली. सकाळपासून भिंतीवरून शेवया तुपात भाजल्याचा वास येत होता. दर वर्षी शीरखुर्म्याचा वाडगा दुपारच्या आत येतो. तो आपल्याच गाईच्या दुधाचा असायचा, म्हणून भाभी म्हणायच्या, बाई, तुमचंच तुमाला देते, माझी नुसती साखर. मी इस्त्रीचं पातळ नेसले. ओट्यावर बसले. त्यांच्याकडे माणसं येत जात होती, मुलं नव्या कपड्यांत ओरडत होती. उन्हं उतरली तेव्हा मी उठून पातळ बदललं आणि घडी घालून ठेवलं.

वाडगा आला नाही ह्याचं मला वाईट वाटलं. पण आतल्या आत दुसरंच चाललं होतं. तो शीरखुर्मा आप्पांकडच्या दुधाचा असणार, आणि ती पोटुशी पोर तो खात असणार. भिंतीशी जाऊन पुन्हा सांगावं असं तीनतीनदा मनात आलं. सणाच्या दिवशी कोणाच्या दारात जाऊन हे सांगायचं नसतं. मी गेले नाही.

ईदनंतर थोड्या दिवसांनी, सकाळी मी कालवडीला सोडत होते, तेव्हा भिंतीवर झाकणाचा आवाज झाला. तो आवाज मी कुठेही ओळखीन. मी गेले तर तिथे कोणी नव्हतं. किटली होती. उचलली तर जड लागली. मला वाटलं, राहिलेला शीरखुर्मा असेल. झाकण काढलं.

पाणी होतं. जारच्या पाण्याला एक वास असतो, तापलेल्या प्लास्टिकचा. तो आला.

पलीकडे घरातून भाभींचा आवाज आला. त्या बाहेर आल्या नाहीत.

"कालवडीला हाय," त्या म्हणाल्या.

मी ते पाणी कालवडीपुढे धरलं. ती अजून नीट पाणी प्यायला शिकली नव्हती. तिने नाक बुडवलं, शिंकली, आणि अर्धं माझ्या पायांवर सांडलं. आईने उरलेलं एका घोटात संपवलं.

किटली परत ठेवायची होती. रिकामी ठेवायची नाही. दूध घालता येत नव्हतं. मी घरात फळी पाहिली, डबे पाहिले. मग खरवसासाठी आणलेला गूळ दिसला, तसाच कागदात बांधलेला, आणि वेलदोड्याची पुडी. ते किटलीत घातले आणि ती भिंतीवर ठेवली. कपडे वाळत घालून आले तेव्हा किटली गेली होती.

त्यानंतर मी भाभींना आप्पांच्या घराकडे जाताना पाहिलेलं नाही. त्यांच्या दोरीवर सुनेच्या ओढण्यांशेजारी धुतलेल्या दुधाच्या पिशव्या उलट्या टांगलेल्या दिसतात. पिशवीतलं दूध दुकानातून येतं. कुठल्या गावच्या गाईंचं, त्या कुठल्या ओढ्यावर जातात, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं आणि मलाही माहीत नाही. मी भाभींना ते सांगितलेलं नाही. एवढं तरी त्यांनी माझ्यासाठी बदललं, त्यात पुन्हा खडा कसा टाकू? पण रोज दोरीकडे पाहते तेव्हा ते मनात येतं.

ती मुलगी अजून रक्त घ्यायला आलेली नाही. येईल.

किटली येते, रोज नाही, जार उरला की. भाभी बोलायला थांबत नाहीत. मी झाकणाचा आवाज ऐकते, थोडा वेळ जाऊ देते आणि मग बाहेर जाते, म्हणजे त्यांना घाईने आत जावं लागत नाही. परवा पाण्यात लिंबाचं एक पान तरंगत होतं. ते त्यांनी मुद्दाम टाकलं होतं की झाडावरून पडलं होतं, सांगता येत नाही. मी ते काढून खिडकीत ठेवलं आणि पाणी गाईला दिलं.